ओल्या फडक्याखालची अनिता

...आनि मधी मधी हसू नको, पिंके. मी बोलते तसंच लिव. माज्या "नाय"चं "नाही" करू नको. नमिता मॅडम काय म्हनल्या, आजी जशी बोलते तशीच उतरवून आण. ही वही त्या रोह्याला त्यांच्या खोलीभायेरच्या बाकड्यावर ठेवनार हायेत. आपला नंबर यायची वाट बगत जी मान्सं तितं बसतात ना, हात चोळत, दाराकडं बगत, ती वाचतील. त्यांना कळंल असं अक्षर काढ, कोंबडीचे पाय नको.

कुटं व्हतो आपन? हां, चौकट.

पेणजवळ जोह्यात आमचं घर. घराच्या पाठीमागं गणपतीचा कारखाना, आनि घरात आतल्या अंगाला भाताच्या कनगीची खोली. त्या खोलीच्या दाराची चौकट हाय ना, तिच्यावर उजव्या बाजूला, मान्साच्या छातीएवढ्या उंचीवर, लाकूड गुळगुळीत झालंय. चार बोटांची जागा. ती माज्या ननंदेची बोटं. सरूची.

सरू माज्या मालकांची थोरली बहीन. मी लगीन होऊन आले तवा ती सासर सोडून हितंच व्हती. कोनी हाकललं नव्हतं तिला. बाजाराला जाताना एकदा वाटेतच तिचं काळीज धडधडायला लागलं, हातपाय गार पडले, रस्त्यात बसली. पुन्ना एकदा तसंच झालं. मंग तिनं बाजार सोडला. मंग विहीर सोडली. मंग अंगन. मी तिला बगितली ती कनगीच्या खोलीतच. दारापातूर यायची, चौकट धरायची, एक पाय भायेर टाकायची, आनि परत आत. माज्या सासूबाय म्हनायच्या, बाधा हाय तिला, छळू नको, ताट आत दे. मी ताट आत दिलं. बावीस वर्सं दिलं. हसरी व्हती गो सरू. वालाच्या शेंगा सोलताना माजी अशी टर उडवायची की मी पोट धरून बसायची. पन दाराभायेर म्हनून आली नाय. आली ती मेल्यावरच, चौघांनी उचलली तवा.

आता कळलं ना मी चौकटीचं का सांगते? दोन वर्सांमागं माज्या सुनंनं, ह्या पिंकीच्या आयनं, अनितानं, बराबर त्याच जागी चार बोटं टेकली. एक पाय भायेर, एक आत. 

अनिता रोह्याकडची. भाताच्या, वालाच्या शेतकऱ्यांची पोर. माती म्हंजे नांगरायची, एवढंच ठावं. आमच्यात आली तवा शाडूच्या गोळ्याला हात लावायला लाजायची. एकदा डोळे आखनारा गडी दोन दिस आला नाय, गणपती वळीनं आंधळे बसलेले, आनि हिनं भाकरीच्या तव्याच्या पाठीवर खडूनं डोळा काढून मला दाखवला. "आई, असा असतो ना?" अगो, तो डोळा माज्याकडं बगत व्हता! माजा कमळाकर, माजा लेक, म्हनला, "आये, हिला ब्रश दे." तवापासून आमच्या कारखान्यात डोळ्यांची आखनी अनिताच करायची. पेणवरनं मान्सं बगायला यायची. तोंडावर तेज आनायचं काम तिचं.

शिकवलं पन मीच. सगळ्या आखनीवाल्यांना जे सांगतात तेच सांगितलं: बुबुळाची रेघ मारताना श्वास धर. छाती हलली की हात हलतो, हात हलला की देव तिरळा. अनिता अशी श्वास धरायची की शेजारी बसलेलीला पन धरायला व्हायचा.

तर त्याच वर्सी श्रावनात एक दिस, दुपार व्हती. सकाळपासून चाळीसेक मूर्त्या झालेल्या. एक तीन फुटी गणपती पुढ्यात, डावा डोळा झालेला, उजव्याला ब्रश टेकवला, आनि मला दिसलं तिची मान थरथरते. कपाळावर घाम. म्हनली, "आई, काळजात कायतरी होतंय." हात पांढरा फटक. मी काय केलं सांगू? आमच्या धंद्यात हात थरथरला की जे वरडतात तेच वरडले. "श्वास धर गो! धर श्वास!" तिनं धरला बिचारीनं. सोडला नाय. डोळे फिरले, ब्रश घसरला, बुबुळापासून सोंडेपातूर काळी रेघ, आनि ही पाटावरनं खाली. मला वाटलं गेली.

ती शुद्धीवर व्हती तशी. नुसती म्हनत व्हती, "मी मरते, मला धरा, मी मरते." कमळाकरनं मोटरसायकलवर मधी बसवून पेणला नेली, मागं मी. डाक्टरनं छातीला वायरी लावून पट्टी काढली. म्हनला, काळीज ठनठनीत हाय. आमी घरी. मी पयलं काम काय केलं, तर त्या तीन फुटीच्या तोंडावर फडकं टाकलं. देवाचा डोळा बिघडला, देव कोपला, असंच माज्या डोक्यात. मीठमोहरी उतरवली. पन त्या फडक्याकडं बगायची माजी हिंमत नव्हती.

आठ दिसांनी पेणच्या ष्टँडवर परत तसंच झालं. मंग घरात, कुकरच्या शिटीला. मंग काय कारन नसताना, केस विंचरताना. आनि एक दिस अनिता कारखान्याच्या दाराशी गेली, आतनं रंगाचा वास आला, आनि ती मागं फिरली. आखनी बंद. मंग ष्टँड बंद. मंग गल्ली बंद. सरूचं जसं झालं तसं, एक एक. मी मोजत व्हते मनात. आता अंगन जाईल. अंगन गेलं. कनगीची खोली तेवढी उरली.

आता माजी चूक ऐका. ही आमच्यासारख्या मान्सांचीच चूक हाय, दुसरं कोन करनार नाय. शाडूची मूर्ती ओली असताना तडकायला बगते ना, तर आमी काय करतो, तिच्यावर ओलं फडकं टाकतो, सावलीत सरकवतो, वाऱ्याला आडोसा करतो, आनि पोरांना सांगतो, हिकडं पळू नका. मी अनिताला तशीच ठेवली. कनगीच्या खोलीत पडदा लावला. कुकर बंद, टोपात भात. टीव्ही बंद. शेजारनींना सांगितलं, येऊ नका गो, तिला सोसत नाय. संडासला जायचं तर मी दाराशी उभी. पिंकी शाळेतनं आली की चपला हातात घेऊन आत यायची. व्हय ना गो? लिव, लिव, लाजू नको. मला वाटायचं, किती जपते मी सुनंला. चार बायका म्हनायच्या पन, सासू असावी तर अशी.

आनि ती सुकत नव्हती. दिवसेंदिवस ओली. दोन म्हयन्यांनी एकटी मोरीत पन जाईना.

दिवाळी झाल्यावर पेणचे दुसरे डाक्टर म्हनले, हे अंगाचं नाय, घाबरायचा आजार हाय, रोह्याला नमिता मॅडम हायेत, त्या गोळ्या देत नायत, बोलतात आनि शिकवतात. रोह्याला! अगो, ती मोरीत जाईना आनि रोह्याला कशी जानार? रेल्वेची गाडी आमच्या जवळ हमरापूरला पन थांबते, पन तितं चिटपाखरू नसतं, म्हनून रिक्षा करून पेणला गेलो, तितं मान्सं तरी असतात. डब्यात कमळाकर एका अंगाला, मी एका अंगाला, मधी अनिता, तोंडावर पदर. रोहा येईपातूर तिनं डोळे उघडले नाय. माजा हात अशी धरून व्हती की बांगडी पिचली.

मॅडमच्या बाकड्यावरच रुखसार भेटली. नागोठण्याच्या बाजूची. तिचा नवरा मुराद दुबईत की कुवेतला व्हता, तितनं परत आलेला. तो बाकड्यावर बसायचाच नाय. दाराला पाठ लावून उभा. लिफ्टमधी अडकला व्हता म्हने तिकडं, तवापासून बंद जागा सोसत नाय. पन तोंडाचा तिखट. मला म्हनला, "आजी, तुमची सून देवाला डोळे देते, आणि स्वतः डोळे मिटून बसते?" अनिता पदरातनंच म्हनली, "तुमी तर उभ्यानंच नमाज पढताय वाटतं, कवा बगावं तवा उभे." रुखसार अशी हसली! मला खजूर दिला. चार म्हयन्यांत पयल्यांदा अनिता कोनाला उलटून बोलली.

मॅडम तरनी पोर, पिंकीपेक्षा आठ-दहा वर्सांनी मोठी असंल. पयले पाच-सहा मंगळवार तिनं कागदावर लिवायला लावलं. मी मरनार असं वाटतं, त्याला पुरावा काय? पट्टी चांगली आली हा पुरावा. असं. अनिता सगळं बराबर लिवायची. हुशार हाय ती. आनि जिना उतरताना परत माजा हात. एकदा तिला रडू आलं. "मॅडम, मला कळतंय ओ की मी मरनार नाय. कळूनबी काय उपेग? कळतंय वर, आनि होतंय खाली."

 मॅडमनं लिवत व्हती ते पेन खाली ठेवलं.

मंग दोन मंगळवार मॅडम नव्हती. मुंबईला शिकायला गेलेली. मान्साचा मेंदू कसा चालतो ते सांगनारे मोठे लोक आले व्हते म्हने, आनि मॅडमसारख्या बोलनाऱ्यांना शिकवत व्हते. मला तर धडकीच भरली. मॅडमलाच येत नाय म्हनून ती शिकायला गेली, मंग आमी जायचं कुनाकडं? परत आली ती पयलं वाक्य काय बोलली, "अनिताताई, तुम्ही बरोबर बोलला होता. मी वरच्या मजल्याशी बोलत बसले होते. भीती तळमजल्यावर आहे." आनि मेंदूचं एक चित्र काढलं पिशवीतनं. रंगीत. मला तर कोबीचा गड्डा कापल्यासारखं दिसलं.

मी म्हनले, "मॅडम, मला कागदावरचं कळत नाय. मातीत असतं तर कळलं असतं."

मी आपलं बोलून गेले. पुढच्या सोमवारी बगते तर अनिता कनगीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली, आनि पिंकीला म्हनते, "कारखान्यातनं मूठभर शाडू आन गो." पाच म्हयने मातीला शिवली नव्हती. ते चित्र पुढ्यात ठेवून तिनं मेंदू केला. वरच्या वळ्या काडीनं ओढल्या, गव्हल्यांसारख्या बारीक. दोन फाकी सुट्या, उघडता येतील अशा. आनि आत दोनी बाजूला एकेक बदाम. खरोखर बदामाएवढा असतो तो, मॅडम म्हनली, आनि दोन असतात, कानांच्या आतल्या अंगाला. मी मेंदू फडक्यात बांधून मांडीवर घेऊन गेले गाडीतनं. शेजारची बाय इचारते, काय हाय, लाडू? म्हनले, सुनंचं डोकं हाय.

मॅडमनं ते उघडलं आनि बोट ठेवलं बदामावर. "आजी, शेतात राखणीला कोण बसतं?"

म्हनले, "राखन्या. डबा घेऊन. डुकरं आली की डबा वाजवतो."

"डुक्कर नीट बघून वाजवतो का?"

"बगत बसला तर भात जाईल. खसखस झाली की वाजवतो."

"हा तो राखण्या," मॅडम म्हनली. "डोळ्याकानांची खबर विचार करणाऱ्या वरच्या भागाकडे पोचायच्या आधी ह्याच्याकडे पोचते. हा आधी डबा वाजवतो. काळीज धडधडतं, घाम येतो, हात गार पडतात, तो ह्याचा डबा. श्रावणात एकदा त्यानं वाजवला, तुम्ही सगळे घाबरलात, आणि तो शिकला की ब्रश म्हणजे डुक्कर. मग एसटी म्हणजे डुक्कर. कुकरची शिट्टी म्हणजे डुक्कर. मी वरच्या मजल्यावर चिठ्ठ्या पाठवत होते, डुक्कर नाही म्हणून. आजी, ह्याला लिहिता-वाचता येत नाही."

"म्हंजे माज्यासारखा," मी म्हनले.

"हो. तुम्हाला मातीत दाखवलं तेव्हा कळलं ना? त्यालाही दाखवायलाच लागतं. डबा वाजत असताना तिथंच थांबायचं. पळायचं नाही. डुक्कर येत नाही हे त्यानं स्वतः बघायला पाहिजे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तेव्हा तो नवीन शिकतो."

तवा अनिता माज्याकडं न बगता बोलली. हळूच. "आई, तुमी जे फडकं टाकलंय ना माज्यावर, ते कवा काढनार?"

मी म्हनले, "तू जरा घट्ट झालीस की..."

"फडक्याखाली घट्ट होते का माती?"

पन्नास वर्सं माती मळते मी. नाय होत घट्ट. वारा लागायला लागतो. थोडा थोडा, पन लागायला लागतो. फडकं काढलंच नाय तर मूर्तीला बुरशी धरते आनि एक दिस बसल्या जागी ढासळते. मला सरू दिसली समोर. कनगीला टेकून शेंगा सोलनारी. बाधा नव्हती गो तिला. आमी तिला झाकून ठेवली. ताट आत दिलं मी. बावीस वर्सं तिच्या राखन्याला मीच सांगत व्हते, की भायेर डुक्कर हाय, म्हनून तर ताट आत येतं. मी तितंच मॅडमच्या खुर्चीवर रडले, आनि अनितानं माजा हात धरला. उलटं झालं त्या दिवशी.

मॅडमनं बाकी माजी पन शिकवनी घेतली. हात धरायचा नाय. "श्वास धर" म्हनायचं नाय. उलट, सोडायचा, गरम पेजेवर फुंकर घालतो तसा लांब. आनि तिच्या तोंडाकडं सारखं बगायचं नाय, बरी हायस का म्हनून दर घटकेला इचारायचं नाय. ते लय कठीन. मी जीभ चावून बसायची.

घरी आल्यावर कुकर लावला. पयल्या शिटीला अनिता भिंतीला टेकली, घाम फुटला, मी पाठ केली आनि भात मोजत बसले.  मंग कारखान्याच्या दाराशी पाच मिनिटं. मंग आत. मंग कोरडा ब्रश. मंग ष्टँडपातूर, मागं वीस पावलांवर मी. मंग पेण. मंग रोह्याची गाडी, ती एका डब्यात, मी दुसऱ्यात. काय काय दिस उलटेच जायचे, दोन पावलं पुढं आनि चार मागं, परत पडदा लावा म्हनायची. मी पडद्याचं कापडच फाडून पुसनी केली.

मधीच मुराद यायचा बंद झाला. रुखसार एकटी आली एकदा, डोळे सुजलेले. म्हनली, नागोठण्याच्या पुढं, निडीच्या अलीकडं, गाडी रानातच थांबली. मुरादनं डब्यातनं उडी मारली आनि रुळावरनं चालत सुटला. त्या दिवसापासून गाडीच नको म्हनतो, घराच्या भायेर नको म्हनतो. मला परत सरू आठवली. त्याच्या पुढच्या मंगळवारी रुखसार पन नव्हती.

आनि त्याच्याच पुढच्या मंगळवारी मॅडमनं ठरवलं व्हतं की अनितानं एकटीनं यायचं. जोह्यापासून रोह्यापातूर आनि परत. मी पेणपातूर पन जायचं नाय. फोन करायचा नाय.

ती सकाळी दहाला गेली. निळं पातळ, खांद्याला पिशवी. वळून बगितलं नाय. पिंकीनं माजा फोन घेऊन दप्तरात टाकला आनि ही बया कालेजला गेली. कमळाकर पुण्याला माल द्यायला. घरात मी. अकरा वाजले. मी कनगीच्या खोलीत बसून तांदूळ निवडले, परत तेच निवडले. गाडी निघाली असंल. कासू आलं असंल. नागोठणं. आनि निडीच्या अलीकडं ते रान. माज्या डोळ्यांपुढं अनिता रुळावर. मी म्हनले, आता जर ती उतरली तर परत कनगीच्या खोलीत जाईल, आनि ह्या खेपेला भायेर यायची नाय. माजं वय झालंय. मी मेल्यावर तिचं ताट कोन आत देनार? असलं येत व्हतं डोक्यात.

तीनला यायची व्हती. तीन वाजले. साडेतीन. चार. ष्टँडवरनं दोन गाड्या आल्या, त्यांच्यात नाय. माजं काळीज असं हानत व्हतं की कानात ऐकू येत व्हतं. मी भायेर जायला निघाले आनि पाय उचलंना. खाली बगितलं तर एक पाय भायेर, एक आत. आनि माजी चार बोटं चौकटीवर. सरूच्या जागी. बराबर बसली व्हती ओ, जशी माज्यासाठीच केलेली.

आई गं. तवा मला कळलं सरूला काय होत व्हतं. बावीस वर्सं ताट दिलं, पन कळलं तवा.

मी बोटं काढली नाय. खोटं कशाला बोलू? पन पळालेबी नाय. तितंच उभी ऱ्हायले, आनि पेजेवर फुंकर घालतात तशी फुंकत बसले. समोरच्या दारातनं अंगनातल्या कोंबड्या माज्याकडं बगत व्हत्या.

पाचला फाटक वाजलं. निळं पातळ. केस विस्कटलेले, पातळाच्या मागं काळा डाग. म्हनली, "आई, अशा काय उभ्या ऱ्हायल्या? जेवलात का?"

मंग भाताचं ताट पुढ्यात घेऊन तिनं सांगितलं. जाताना ठीक गेली, जीव मुठीत, पन गेली. परत येताना गाडी थांबली. तितंच. निडी सोडली आनि रान. सिग्नल नाय. पंखे बंद झाले. एक मानूस खाली उतरला, मंग दोन. अनिताच्या पायांत मुंग्या, तोंड कोरडं, काळीज घशात. "आई, मी उठले. दारात गेले, दांडा धरला, एक पाय खालच्या पायरीवर टाकला. मला मुरादभाय आठवला. मंग मी तितंच दाराशी, खाली, घानीतच बसले. आनि त्याला म्हनले, वाजव मेल्या, किती वाजवतोस वाजव. मी हितनं हलनार नाय."

"कोनाला म्हनलीस?"

"राखन्याला. शेजारची बाय उठून दुसऱ्या बाकड्यावर गेली." हसली ती.  "वर वर चढलं, आई. मला वाटलं, आता मी गेलेच. एवढं कवाच नव्हतं झालं. मी फुंकत ऱ्हायले. आनि मंग कमी झालं. आपोआप. आई, ऐका, गाडी उभीच व्हती. गाडी सुटली म्हनून नाय कमी झालं. रानात उभी असतानाच कमी झालं. गाडी त्याच्या लय मागनं सुटली."

हे तिनं मला तीनदा सांगितलं. तेवढंच तीनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेली आनि सरळ त्या तीन फुटीच्या म्होरं. मी म्हनले, "अनिता, नको गो, त्याचं फडकं नको काढू." दीड वर्स झालं असंल तवा, मी त्या कोपऱ्यात झाडू पन मारला नव्हता. तिनं काढलं. बिचारा देव. एक डोळा चांगला, दुसऱ्यातनं काळी रेघ सोंडेवर, कोन रडल्यासारखी. कोपलेला काय नव्हता. तिनं पांढऱ्या रंगानं रेघ झाकली, वाळू दिली, आनि ब्रश घेतला. श्वास धरला नाय. सोडत सोडत रेघ मारली. उजवा डोळा किंचित मोठा झालाय. दुकानदार घेईना, म्हनून घरातच हाय, माघात आमीच बसवला, आनि विसर्जन करायला कमळाकरला अजून मुहूर्त मिळत नाय. मिळू पन नको.

बरी झाली का, असं इचारतात. मला ठावं नाय. परवाच आलं तिला, लग्नघरात, बँडच्या आवाजाला. मांडवाच्या खांबाला टेकून उभी ऱ्हायली, घामानं भिजली, आनि मंग जेवायला बसली. मी अजूनबी भिते. ती घराभायेर पडली की माजा राखन्या डबा वाजवतो. म्हातारा झालाय, हट्टी हाय. त्यालाबी दाखवते रोज, की बग, आली परत.

आता शेवटचं लिव, पिंके, मोठ्या अक्षरात.

बाकड्यावर बसून हे वाचनाऱ्यांनो, तुमच्यातलं कोन नागोठण्याच्या बाजूचं हाय का? मॅडमला मी रुखसारचा पत्ता इचारला, तर ती म्हनते, आजी, आमच्यात पत्ता कोणाला सांगायचा नसतो. बराबर हाय तिचं. पन तुमाला ठावं असंल. उंच बाय, हनुवटीवर तीळ, पिशवीत खजूर. मॅडमच्या टेबलावर काडेपेटीत कापूस घालून एक मातीचा बदाम ठेवलाय, अनितानं मुरादसाठी केलेला. नाजूक हाय, दाबू नका. तो रुखसारच्या हातात द्या. चार लोकांत नको, त्याला लाजल्यासारखं होईल. आनि सांगा, निडीच्या अलीकडं गाडी थांबते, ते खरं हाय. पन थांबलेल्या गाडीतच ती भीती उतरते. अनितानं बसून बगितलंय. येत्या मंगळवारी ती पेणवरनं चढनार हाय, बायकांच्या नाय, साध्या डब्यात, दाराजवळ. नागोठण्याला खाली उतरून फलाटावर बगंल. त्यानं नुसतं येऊन उभं ऱ्हायलं तरी चालंल, म्हनावं. उभं ऱ्हायची सवय हायच त्याला.